राजकीय आलेखाचा बडग्या

सन २०१८ मध्यें पोळ्याची अमावास्या ९ सप्टेंबरला आली, आणि त्यामुळें नागपूरचा तान्हा पोळा सोमवारीं, १० तारखेस पडला. इंधनाच्या दरवाढीच्या निषेधार्थ काँग्रेस पक्षानें पुकारलेला भारत बंद हा त्याच सोमवारचा. आणि काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक इतवारीच्या गर्दींतून निघावयाची तीहि त्याच दिवशीं. तिसरी गोष्ट दिल्लीकडून आली. ट्विटर ह्या नांवानें त्या वेळीं ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर भारतीय जनता पक्षानें पेट्रोलच्या दरांचा एक स्तंभालेख प्रसिद्ध केला. दरवाढीमागील सत्य लोकांच्या नजरेस आणून द्यावें, हा त्याचा जाहीर हेतु होता.

आलेख अगदीं साधा होता. चार तारखा आणि चार स्तंभ. दिल्लींत पेट्रोलचा लिटरचा भाव मे २००४ मध्यें ३३.७१ रुपये, मे २००९ मध्यें ४०.६२, मे २०१४ मध्यें ७१.४१ आणि त्या दिवशीं, म्हणजे १० सप्टेंबर २०१८ रोजीं, ८०.७३. एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत झालेली वाढ शेकड्यांनीं दिली होती: पहिल्या पांच वर्षांत २०.५ टक्के, दुसऱ्या पांच वर्षांत ७५.८ टक्के आणि शेवटल्या टप्प्यांत अवघी १३ टक्के. कोणीहि पाटी घेऊन गणित करून पाहावें. आंकडे बरोबर आहेत. चूक गणितांत नव्हती, चित्रांत होती. ८०.७३ चा स्तंभ ७१.४१ च्या स्तंभाहून ठेंगणा काढलेला होता, आणि त्यावरील बाण खालीं उतरत होता. वाढीचा वेग मंदावला, एवढेंच कर्त्यांना सांगावयाचें असावें; पण चित्र सांगत होतें कीं भावच उतरला. पंपावर नोटा मोजून नुकत्याच घरीं आलेल्या माणसापुढें हें चित्र ठेवणें धाडसाचें होतें.

पुढें जें झालें तें कांहीं तासांतच झालें. विरोधी पक्षानें तोच आलेख स्तंभांची उंची दुरुस्त करून उलट प्रसिद्ध केला. त्यांत नवल नाहीं. तें पक्षांचें कामच आहे. नवल सामान्य लोकांनीं केलें. त्यांनीं आलेखाचें आंतलें सामान काढून टाकलें आणि चौकट तेवढी ठेवली. तेच चार स्तंभ, तोच उतरता बाण, आणि खालीं नांवें निराळीं. कोणी त्यांत परीक्षेंतील गुण भरले, कोणी शरीराचें वजन, कोणी क्रिकेटमधील धावा. मोठा आंकडा लहान स्तंभावर बसविला कीं झालें. ऐंशी ही संख्या एकाहत्तराहून लहान असते, हा नवा सिद्धान्त प्रत्येकानें आपापल्या संसारांत लावून पाहिला. दुसऱ्या दिवशीं पेट्रोलचें नांवहि न घेतां तो आलेख विनोद म्हणून फिरूं लागला होता.

अशा प्रकारच्या विनोदाला आज सर्वत्र मीम म्हणतात. शब्द रिचर्ड डॉकिन्स ह्या इंग्रज जीवशास्त्रज्ञानें १९७६ सालीं आपल्या एका ग्रंथांत प्रथम योजिला. एका मनांतून दुसऱ्या मनांत नकलेनें पसरणारी कल्पना, एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यांत हास्याचा कांहीं संबंध नव्हता. पण शब्दांचें नशीब कर्त्याच्या हातीं नसतें. आज मीम म्हटलें कीं मुलांच्या डोळ्यांसमोर येतो तो एक सांचा: चित्र ठरलेलें, वाक्य अर्धें ठरलेलें, आणि मध्यें एक जागा मोकळी. शाळेंतील ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न ज्यांनीं सोडविला आहे, त्यांस ह्याहून अधिक स्पष्टीकरण नको.

विडंबन ही वस्तु मराठीस नवी नाहीं. प्रल्हाद केशव अत्रे ह्यांनीं केशवकुमार ह्या नांवानें लिहिलेला ‘झेंडूचीं फुलें’ हा संग्रह १९२५ सालचा. त्यांतील गंमत कळावयाची तर ज्या कवितांची थट्टा केली आहे त्या आधीं कानांत बसलेल्या असाव्या लागतात. विडंबनाची पहिली अट हीच: मूळ वस्तु सर्वांच्या ओळखीची हवी. अपरिचिताची नक्कल करून कोणी हंसत नाहीं. परंतु कवितेचें विडंबन एक जाणता लेखक करतो आणि बाकीचे वाचतात. मीमचें तसें नाहीं. तेथें कर्ता अमुक असें सांगतां येत नाहीं. सांचा सर्वांचा, आणि भर घालण्याचा अधिकारहि सर्वांचा. ह्या दुसऱ्या प्रकाराची वंशावळ पुस्तकांत शोधूं लागल्यास फारशी सांपडणार नाहीं. ती रस्त्यावर शोधावी लागते, आणि त्यासाठीं नागपूरकरांस फार लांब जावें लागत नाहीं.

विदर्भांतील खेड्यांत पोळ्याच्या दिवशीं दाराशीं पळसाच्या फांद्या लावतात; त्यांस मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशीं पहांटे ते मेढे उचलून गांवाच्या शिवेबाहेर टाकावयाचे, आणि टाकतांना ओरडावयाचें: रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत, ढेकूण-डास घेऊन जा गे मारबत. पावसाळ्याचा शेवट, ओल, चिखल, घरोघर तापाचीं माणसें. ह्या ऋतूंत असा पुकारा सुचावा हें स्वाभाविकच आहे. वाक्याची घडण मात्र पाहण्यासारखी आहे. शेवट पक्का बांधलेला, आरंभ उघडा. ज्याला जी पीडा असेल ती त्यानें आरंभीं घालावी. लहान मुलानेंहि एकदां ऐकून पुढच्या वेळीं स्वतःची भर घालावी, इतकी ती रचना सोपी आहे.

नागपूर शहरांत ह्या चालीला मिरवणुकीचें रूप आलें तें गेल्या शतकाच्याहि आधींच्या शतकांत. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सांगतात. पिवळी मारबत जागनाथ बुधवारींतील तऱ्हाणे तेली समाजाची. बांबू, कागद आणि कापड ह्यांचें भलें मोठें स्त्रीरूप उभारून खांद्यांवरून नेतात. दोघी मारबतींची रस्त्यांत गांठ पडते त्या वेळीं माणसांचा असा लोट उसळतो कीं आजूबाजूच्या घरांचीं छपरें आणि गच्च्याहि भरून जातात. पिवळीस लोक देवी मानतात. काळी ही अनिष्टाची मूर्ति. पूतना राक्षसीशीं तिचें नातें जोडतात, आणि दुसरी एक समजूत अशी कीं ती मूर्ति भोसल्यांच्या घरांतील बांकाबाईंची.

ह्या दुसऱ्या समजुतीपाशीं इतिहासाला थोडें थांबलें पाहिजे. बांकाबाई ह्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या पत्नी. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले, आणि पुढल्याच वर्षीं डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. १८५७ च्या धामधुमींत नागपूर शांत ठेवण्यांत बांकाबाईंचा हात होता, म्हणजे त्या इंग्रजांच्या बाजूनें राहिल्या. हा राग लोकांच्या मनांतून गेला नाहीं. पण त्यांचें निधन १८५८ सालीं झालें, आणि काळ्या मारबतीचा आरंभ १८८१ चा. मध्यें तेवीस वर्षें गेलेलीं आहेत. राज्य गेल्याचें दुःख नव्या पिढीला कितीसें प्रत्यक्ष असेल? मूर्ति आधीं आणि बांकाबाई मागाहून तिला चिकटल्या, कीं बांकाबाईंसाठींच मूर्ति झाली, ह्याचा निवाडा आज कागदपत्रांवरून करणें कठीण आहे. एवढें मात्र दिसतें कीं रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीकडे लोकांनीं राजकारण सोंपविलें, तें फार लवकर सोंपविलें. खोकल्याच्या जागीं परकी सत्ता बसविणें हें वाक्याला मुळींच जड गेलें नाहीं.

आणि मग बडगे आले. बडग्या हा मारबतीचा पुरुष-जोडीदार. पूर्वी घरांतील केरकचरा, फाटके कपडे, तुटक्या चटया, गवत असलें सामान घेऊन पोरेंच तो करीत. हळूहळू त्याच्या गळ्यांत पाट्या आल्या. त्या वर्षीं जें लोकांना छळीत असेल तें बडग्या होऊन येतें: महागाई, भ्रष्टाचार, हुंडा, बेकारी, सरहद्दीवरचा शत्रु, कधीं एखादा पुढारी, कधीं महानगरपालिकेचे खड्डे. चेहरा बदलतो, पाटी बदलते, आणि पाटीचा शेवट तोच राहतो: घेऊन जा गे मारबत. शेवटीं ह्या मूर्तींचें दहन होतें. दुसऱ्या वर्षीं पुन्हां बांबू, पुन्हां कागद.

आलेखाच्या थट्टेस हा इतिहास पूर्वज म्हणून शोभतो. नागपूरकर जें सन १८८१ पासून करीत आले, तेंच २०१८ त देशभर चार स्तंभ घेऊन झालें: ठरलेला सांचा, रिकामी जागा, आणि ज्याची त्याची पीडा. एक फरक मात्र मोठा आहे. मारबतीचा सांचा लोकांचा स्वतःचा. आलेखाचा सांचा सत्तेनें, स्वतःच्या खर्चानें, लोकांस शिकविलेला.

स्तंभालेख हा जन्मतःच राजकीय आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं. विल्यम प्लेफेअर ह्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं लंडनमध्यें व्यापाराच्या आणि राजकारणाच्या आलेखांचा एक संग्रह काढला. ‘राजकीय’ हा शब्द पुस्तकाच्या नांवांतच आहे. त्यांत स्कॉटलंडच्या १७८०-८१ ह्या एका वर्षाच्या आयात-निर्यातीचें चित्र त्यानें आडव्या पट्ट्यांनीं काढलें, तोच पहिला स्तंभालेख मानतात. प्लेफेअरला हा प्रकार फारसा आवडला नव्हता. अनेक वर्षांचे आंकडे हातीं नव्हते, म्हणून नाइलाजानें त्यानें तो योजिला! ह्या नाइलाजाचें पुढें जगभर राज्य झालें, कारण तो डोळ्यांस विचार करावयास लावीत नाहीं. उंच तें जास्त, ठेंगणें तें कमी. अक्षरशत्रूसहि हें कळतें. ह्या विश्वासावर सगळी इमारत उभी आहे, आणि म्हणूनच उंची खोटी काढली कीं इमारत एकदम खालीं येते. मजकुरांतील असत्य शोधावयास वेळ लागतो. स्तंभाचें असत्य अंगठ्यानें मोजतां येतें.

भित्तिचित्रांच्या बाबतींतहि असेंच घडलेलें आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं, १९१४ सालीं, समोर बोट रोखून तरुणांस सैन्यांत बोलावणाऱ्या लॉर्ड किचनेरचें चित्र ब्रिटनमध्यें निघालें. त्या बोटाच्या नकला आजतागायत चालू आहेत. दुसरें उदाहरण अधिक मौजेचें. १९३९ सालीं ब्रिटिश सरकारनें ‘शांत रहा आणि काम चालू ठेवा’ अशा अर्थाच्या पत्रकाच्या सुमारें २५ लक्ष प्रति छापल्या, पण त्या जवळजवळ लावल्याच नाहींत. बहुतेक रद्दींत गेल्या. एक प्रत २००० सालीं नॉर्थम्बरलंडमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत निघाली, आणि युद्धानें जें पत्रक वापरलें नाहीं तें थट्टेनें जगभर लावलें. ‘शांत रहा’ पुढें चहा घ्या, झोपा, मांजर पाळा, वाटेल तें आलें. मूळ आज्ञा जितकी गंभीर, तितकी तिच्या पोटांतील मोकळी जागा मोठी.

आपल्याकडे हा खेळ घरोघर पोंचला तो २०१४ सालीं. त्या वर्षाच्या लोकसभा निवडणुकींत ‘अब की बार, मोदी सरकार’ ही घोषणा निघाली. तिची बांधणी मारबतीच्या पुकाऱ्यासारखीच, शेवट बांधलेला. ‘सरकार’शीं यमक जुळणारी कोणतीहि ओळ आधीं टाकावी, कीं दुसरी ओळ तयार आहे. लोकांनीं बालगीतांपासून किराणा मालाच्या यादीपर्यंत सर्व कांहीं तिला जोडून पाहिलें. १६ मे २०१४ रोजीं निकाल लागले तेव्हां त्या पक्षाच्या २८२ जागा आलेल्या होत्या. घोषणेच्या थट्टेनें पक्षाचें कांहीं बिघडलें नाहीं; उलट प्रत्येक थट्टेच्या शेवटीं उमेदवाराचें नांव फुकट उच्चारलें गेलें.

त्याच वर्षाच्या विधानसभा निवडणुकींत मराठींत असाच प्रकार झाला. भाजपच्या जाहिरातींत गांजलेला नागरिक विचारीत असे, ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ प्रश्न काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस ह्यांच्या पंधरा वर्षांच्या राज्यकारभारास होता. परंतु प्रश्नाचें वाक्य इतकें घरगुती निघालें कीं महाराष्ट्राच्या जागीं घरांतील कोणतीहि हरवलेली वस्तु बसूं लागली. चष्मा, किल्ली, टीव्हीचा रिमोट, कोणाचें सुटलेलें पोट, कोणाची न आलेली पगारवाढ! मराठी घरांत ‘कुठें नेऊन ठेवलें?’ हा प्रश्न दिवसांतून दहादां विचारला जातो. जाहिरातीच्या कर्त्यानें तो तेथूनच उचलला असेल, आणि घरानें तो परत घेतला. १५ ऑक्टोबरला मतदान झालें, भाजपला २८८ पैकीं १२२ जागा मिळाल्या, आणि ३१ ऑक्टोबर रोजीं नागपूरचे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. त्यानंतर रस्त्यांतील खड्डा दिसो किंवा कर्जमाफीस विलंब होवो, नव्या विरोधी पक्षानें तोच प्रश्न, तेच शब्द, जसेच्या तसे सरकारास विचारले. सांचा विकत घेणाऱ्याच्या मालकीचा राहत नाहीं, तो असा.

ह्यावरून थट्टा झालेला पक्ष निवडून येतोच असें म्हणूं नये. २००४ सालीं ‘इंडिया शायनिंग’ ह्या सरकारी जाहिरातींची भरपूर टिंगल झाली, आणि तें सरकार गेलें. घोषणेचें विडंबन हें मतांचें भाकीत नव्हे.

फडणवीसांचेंच दुसरें एक वाक्य ह्या इतिहासांत वेगळें प्रकरण लिहावें इतकें बोलकें आहे. ते नागपूरचे महापौर झाले तो काळ १९९७ चा. २०१९ च्या पावसाळी अधिवेशनांत विधानसभेचा निरोप घेतांना ते मुख्यमंत्री होते, आणि ‘मी पुन्हा येईन’ असें त्यांनीं आग्रहानें परत परत सांगितलें. २४ ऑक्टोबरच्या निकालांत भाजपचे १०५ आमदार आले, सर्वांत मोठा पक्ष तोच राहिला. पण शिवसेनेशीं बिनसलें. २३ नोव्हेंबरला पहांटे शपथविधि झाला आणि २६ ला राजीनामा द्यावा लागला. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. त्या महिन्यांत महाराष्ट्रांत हें एकच वाक्य ऐकूं येत होतें. दारावर आलेला वसुली करणारा, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सासरीं निघालेली मुलगी, गेलेली वीज, परतलेला पाऊस, सर्वांच्या तोंडीं ‘मी पुन्हा येईन’. अभिमानाचें वाक्य टिंगलीचें झालें. ज्या शहराचा तो माणूस, त्या शहरांतहि.

गोष्ट तेथें संपली असती तर साधी होती. पण ३० जून २०२२ रोजीं फडणवीस उपमुख्यमंत्री होऊन आले, आणि ५ डिसेंबर २०२४ रोजीं पुन्हां मुख्यमंत्री झाले. आतां तेंच वाक्य समर्थकांच्या फलकांवर मिरवूं लागलें. पांच वर्षें विरोधकांनीं तें घोकून घोकून लोकांच्या कानांत पक्कें बसविलें होतें. विजयोत्सवासाठीं नवें वाक्य शोधण्याची गरजच उरली नव्हती. बडग्या जाळावयास नेतां नेतां परत फिरला आणि घरीं येऊन बसला, असें मारबतीच्या इतिहासांत घडल्याचें ऐकिवांत नाहीं.

मध्यें २०२२ च्या जूनमध्यें सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील ह्यांचें गुवाहाटीहून झालेलें दूरध्वनीवरील संभाषण गाजलें. झाडी, डोंगर आणि हॉटेल ह्यांची त्यांनीं केलेली वाखाणणी पुढें सहलीच्या प्रत्येक छायाचित्राखालीं आली. सरकार पाडण्याच्या गंभीर खटपटींतून लोकांनीं काय लक्षांत ठेवलें, तर निसर्गवर्णन. ह्याची करमणूक वाटावी कीं खंत, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतां पुन्हां आलेखाकडे वळलें असतां एक भेद ध्यानांत येतो, आणि ह्या सगळ्या प्रकरणांत महत्त्वाचा तोच आहे. घोषणेची थट्टा करावयास घोषणा पाठ असली कीं पुरे. ती खरी कीं खोटी, हें तपासावें लागत नाहीं. म्हणून त्या थट्टेनें घोषणा अधिकच रुजते, आणि तिचा मालक मनांतून खूष असतो. आलेखाची थट्टा अशी होत नाहीं. ८०.७३ चा स्तंभ ठेंगणा आहे, ह्यावर हंसण्यासाठीं माणसानें आधीं दोन आंकडे वाचले पाहिजेत, त्यांची तुलना केली पाहिजे, मग स्तंभांची उंची पाहिली पाहिजे आणि दोहोंचा मेळ बसत नाहीं हें स्वतः ओळखलें पाहिजे. हंसण्यापूर्वीं तपासणी होते. शाळेंत आलेखाचा तास कंटाळून काढलेलीं हजारों माणसें त्या आठवड्यांत पायारेषा शून्यापासून निघते कीं नाहीं हें पाहूं लागलीं, भाव आणि भाववाढीचा दर ह्यांत फरक कोणता ह्यावर वाद घालूं लागलीं. टक्केवारीचा हिशेब बरोबर असूनहि चित्र खोटें असूं शकतें, ही अवघड गोष्ट कोणत्याहि पाठ्यपुस्तकानें इतक्या थोड्या वेळांत इतक्या जणांस शिकविली नसेल. त्याच वादांत आणखीहि कांहीं प्रश्न निघाले: मे २०१४ मध्यें कच्च्या तेलाचा जागतिक भाव २०१८ च्या सप्टेंबरापेक्षां पुष्कळ चढा होता, मग पंपावरचा भाव उलट कसा चढला? त्यांत कराचा वांटा किती? आलेखांत हा भाग नव्हताच, आणि जो आलेखांत नव्हता त्याचीच चर्चा अधिक झाली.

ह्या हास्याचा परिणाम किती झाला, ह्याविषयीं मात्र फुगवून बोलूं नये. भाव आणखी चढले. ४ ऑक्टोबरला दिल्लींत पेट्रोल ८४ रुपयांवर असतांना केंद्र सरकारनें लिटरमागें अडीच रुपयांची सूट जाहीर केली, आणि महाराष्ट्र सरकारनें तितकीच भर घातली. ती थट्टेमुळें झाली असें म्हणण्यास आधार नाहीं. पुढल्या वर्षीं लोकसभेंत त्या पक्षाच्या ३०३ जागा आल्या. चार स्तंभांची चूक कोट्यवधि लोकांस कळली होती. मत देतांना त्यांनीं इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या. आणि आलेखांतील लबाडी ही कांहीं एका पक्षाची मिरास नाहीं. पायारेषा शून्यावरून उचलून लहान फरक मोठा दाखविणें, सोयीचें वर्ष निवडून तेथूनच मोजणीस आरंभ करणें, ह्या युक्त्या सर्वच पक्षांच्या प्रचारकांस आणि पुष्कळशा व्यापाऱ्यांस ठाऊक आहेत.

ह्या थट्टेची किंमत कधीं कधीं कर्त्यास मोजावी लागली, हेंहि विसरतां येत नाहीं. सप्टेंबर २०१२ मध्यें असीम त्रिवेदी ह्या व्यंगचित्रकारास मुंबईंत राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. त्यानें राजमुद्रेचा सांचा घेतला होता. सिंहांच्या जागीं लांडगे आणि ‘सत्यमेव’च्या जागीं ‘भ्रष्टमेव’. पुढें सरकारनें तो आरोप मागें घेतला. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें पालघर येथें फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींस अटक झाल्यानें देशभर गदारोळ झाला. ज्या कलमाचा तेथें आधार घेतला होता, तें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६ अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. २०१८ चा आलेख लोकांनीं इतक्या मोकळेपणीं फिरविला, त्यामागें हा निकाल होता. फिरविणाऱ्यांपैकीं बहुतेकांस त्याची आठवणहि नसेल.

बडग्या करणारा बडग्याशेजारीं उभा असतो. कोणत्या वस्तीनें कोणता बडग्या केला हें सर्वांस ठाऊक असतें. बोलावयाचें असल्यास त्याच्याशीं बोलतां येतें, भांडावयाचें असल्यास भांडतां येतें. मीमला कर्ता नसतो, आणि त्याचें दहनहि होत नाहीं. म्हणून थट्टेसाठीं बदललेला आंकडा दहा हातांतून गेला कीं खरा म्हणून वाचला जातो. वृत्तवाहिन्यांच्या नांवाचा व रंगांचा सांचा घेऊन कोणीतरी पुढाऱ्याच्या तोंडीं भलतेंच वाक्य घालतो. पहिल्या दिवशीं तो विनोद असतो, तिसऱ्या दिवशीं घरांतील वडीलधारीं माणसें ती बातमी म्हणून पुढें पाठवितात, आणि वाहिनीला खुलासा करावा लागतो. व्हॉट्सॲपवर चित्र येतांना त्याबरोबर हंसणारा चेहरा येत नाहीं, ही अडचण खरी आहे. मिरवणुकींत ढोल वाजत असतात; तेथें कोणी सोंगाला खरें समजत नाहीं.

सांचा सत्तेचा आणि थट्टा प्रजेची, ही वांटणीहि आतां पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. पक्षांचे प्रचारविभाग आज आपली चित्रें मुद्दाम अशीं बेततात कीं लोकांनीं तीं उचलावीं, आणि प्रतिपक्षाच्या घोषणेची टिंगलहि पगारी माणसेंच करतात. सरकारी कचेऱ्यांनीं सुद्धां ही भाषा शिकून घेतली आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहांटे चांद्रयान-२ च्या विक्रम ह्या उतरयंत्राशीं संपर्क तुटला, देश हळहळला, आणि दोनच दिवसांनीं नागपूर शहर पोलिसांनीं ट्विटरवर विक्रमास उद्देशून विनवणी केली कीं कृपा करून उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल तुझ्यावर दंडाची पावती फाडणार नाहीं. वाहतुकीचे वाढीव दंड सांगणारा नवा केंद्रीय कायदा त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस अमलांत आलेला होता, आणि देशभर त्या दंडांवर विनोद चालू होते. लोक जो विनोद पोलिसांवर करीत होते, तो पोलिसांनीं स्वतःच करून टाकला, आणि देशानें टाळ्या वाजविल्या. मारबतीच्या मिरवणुकींत नागपूरचे पोलिस दरवर्षीं बंदोबस्तास असतात. ह्या दुसऱ्या मिरवणुकींत ते स्वतःचाच बडग्या घेऊन सामील झाले होते.